टेबलाच्या पायाखालची चकती

३ मार्च, सोमवार

ही वही आत्यानं मला दिली त्याला आज एकोणीस दिवस झाले. "रोज चार ओळी लिही," म्हणाली होती. "काय शिकलास, काय बिघडवलंस." पहिल्या दिवशी पेन नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेन मिळालं, पण ते चालतंय का बघायला शेवटच्या पानावर एक होडी काढली, मग होडीला शीड, मग शिडाखाली झोपलेला कुत्रा, आणि संध्याकाळ झाली. बाकीच्या सतरा दिवसांचं कारण मला नीट सांगता येणार नाही.

आज लिहितोय, कारण सकाळी आत्यानं वही मागितली. वाचायला नाही, नुसती तळहातावर धरायला. धरली आणि म्हणाली, "दिली तेवढीच भरतेय. शाई पडलेली दिसत नाही."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. वजनकाटे दुरुस्त करते. काका, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून एकटीच. किराणावाले, बियाणेवाले, भंगारवाले, दवाखाने, सगळ्यांचे काटे तिच्याकडे येतात. ती ते उघडते, पुसते, खरं बोलायला लावते आणि वर आपला शिक्का मारते. तिचा गुडघा धरलाय, म्हणून उचलाउचलीला मी. खाली कार्यशाळा, वर माझी खोली. खोलीत खाट, एक डुगडुगणारं टेबल, आणि खाटेखाली माझी पिशवी. पिशवी अजून रिकामी केलेली नाही.

हे माझं नववं काम. बाबा म्हणतात, हा पोरगा उंबऱ्यात उभा राहून जेवतो. यावेळी फोनवर एवढंच बोलले, "तीन महिने एका जागी टिकलास तर फोन कर. नाहीतर राहू दे." मी भांडून कामं सोडत नाही. काहीतरी मोडतं, आणि ते मोडलंय हे कुणाला कळायच्या आत मी पुढच्या गावाला पोचलेला असतो. बेकरीत भट्टीचं दार. फळबागेत मोठी शिडी. तंबूवाल्यांकडे मधला खांब. खांबाबद्दल नको लिहायला.

५ मार्च, बुधवार

आज दवाखान्यात माणसांचा वजनकाटा पोचवायचा होता. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर मी काटा खाली ठेवला आणि त्याच्यावरच बसलो. वरून सिस्टर वाकून बघत होत्या. चाळिशीच्या आहेत, आवाज असा की झोपलेली बाळं उठत नाहीत पण उठलेली गप्प बसतात.

"काट्याला आणतोयस की काटा तुला आणतोय?"

वर पोचल्यावर त्यांनी मला पाणी दिलं आणि त्याच काट्यावर उभं केलं. सत्तावन्न किलो.

"बुटांसकट?"

"हो."

"आणि खिशातल्या किल्ल्यांसकट. म्हणजे पंचावन्न धरू. दोन किलो लोखंड आहे." मग तिथल्या एका आजोबांना म्हणाल्या, "घाबरू नका, हा पेशंट नाही."

परत येताना ठरवलं. व्यायाम.

६ मार्च, गुरुवार

दैव बघा. आज एक काटा आला, तो जुन्या छापील कागदात गुंडाळलेला, आणि त्या कागदावर व्यायामाचा तक्ता. मिशीवाला माणूस, त्याच्या हातात दहा किलोचं वजन, खाली सहा वारांचे सहा रकाने. सातवा रकाना आणि खालची ओळ फाटून गेलीय. तक्ता भिंतीला चिकटवला.

आता दहा किलोचं वजन कुठलं आणायचं? अंगणात भंगारातली जुनी वजनं पडलीत, पण ती गंजलेली, टवके उडालेली, खरी किती भरतात कोण जाणे. व्यायाम करायचाच तर अचूक करावा. आत्याच्या लोखंडी कपाटात दहा-दहा किलोची सहा प्रमाण वजनं आहेत. सरकारी तपासणी झालेली, एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही. याच वजनांशी ताडून बाकीचे काटे लावतात. मी चार नंबर निवडलं. त्याची मूठ माझ्या हाताला बसते.

पहाटे घ्यायचं, आठाच्या आत कपाटात ठेवायचं. आत्याला सांगायची गरज नाही. कशाला उगाच तिला काळजी.

१० मार्च, सोमवार

चार दिवस झाले. वीस जोर, तीस बैठका, चार नंबर खांद्यावरून वर पंचवीस वेळा. जिना चढताना पाय माझे नाहीत असं वाटतं. तक्त्यात लिहिलंय, दुखणं हे चांगलं लक्षण. मग मी फारच चांगला चाललोय.

आत्या सकाळी टेबलावरची धूळ झाडत होती. छताचा चुना पडला होता.

"वर हत्ती पाळलायस का?"

"जोर काढतो."

"हत्ती बरा. तो एकदाच बसतो."

थोड्या वेळानं तिनं माझ्या ताटात दोन अंडी जास्त टाकली.

१४ मार्च, शुक्रवार

आज आत्यानं दोन गोष्टी शिकवल्या. एक नीट ऐकली.

ऐकली ती ही. काट्यावर भार ठेवून तो बरोबर दाखवतो का हे कुणीही बघतं. खरं बघायचं ते भार उतरवल्यावर. शून्यावर परत येतो का? "स्प्रिंग थकलेली असली की भार उतरला तरी ती थोडी वाकलेलीच राहते. वरून ठणठणीत दिसते. पण जो काटा शून्यावर येत नाही, त्याच्या पुढच्या कुठल्याच आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही." हे बोलताना ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती. मी पोट आत घेतलं.

दुसरी गोष्ट वजनांच्या पोटाबद्दल होती. प्रत्येक लोखंडी वजनाच्या बुडाला भोक असतं, कारखान्यात त्यात शिसं भरून ते अचूक करतात, असं काहीतरी. पण तेवढ्यात समोरच्या छपरावर एक मांजर दुसऱ्या मांजराच्या जागेवर जाऊन बसलं आणि त्यांचं काय होतं हे बघणं भाग होतं. काहीच झालं नाही. दोघं झोपली.

१६ मार्च, रविवार

सातवा रकाना फाटलाय, म्हणजे रविवारी काय करायचं ते कळत नाही. मागच्या रविवारी शनिवारचंच केलं, आज विचार केला. सोमवार ते शनिवार चढत जातंय, तर रविवारी सगळ्यात जास्त असणार. म्हणून शनिवारचं दुप्पट केलं. आंघोळीला हात डोक्यापर्यंत जाईना. डोकं हाताकडे नेलं.

आत्यानं विचारलं, "आज सुट्टीच्या दिवशी तरी दमला नाहीस ना?"

म्हटलं, "मला दमणं माहीत नाही."

"चमचा उलटा धरलायस."

१९ मार्च, बुधवार

आज शंभर बैठका. शेवटच्या दहांना चार नंबर हातातून सुटलं आणि थेट फरशीवर गेलं. घोंगडी अंथरली होती, पण घोंगडीच्या अलीकडे. फरशीला तडा नाही, वजनाला तडा नाही, नशीब. रंग थोडा उडाला, तो मी काळ्या पॉलिशनं बुजवला.

एक फायदाही झाला. खाटेखाली एक राखाडी चकती सापडली, बोटभर जाड, आकारानं लहान पण हाताला चांगली जड. कुठल्या जुन्या काट्याची असणार, या घरात कोपऱ्याकोपऱ्यात असलं काहीबाही सापडतं. ती टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. टेबल डुगडुगायचं थांबलं. महिनाभर आत्या म्हणत होती टेबलाचं काहीतरी कर. केलं.

२० मार्च, गुरुवार

चार नंबरच्या बुडाला छान खळगा आहे, आधी लक्षातच आला नव्हता. दोन बोटं आत बसतात. वर उचलताना पकड चांगली मिळते.

आज बियाणेवाल्याचा मोठा काटा लावायचा होता. नियम असा की सहाच्या सहा वजनं चढवून बघायची. पण कालच्या शंभरांमुळे कपाटापर्यंत सहा फेऱ्या मारणं शक्यच नव्हतं. एकच नेलं, चार नंबर. ते आमचं घरचंच. काट्यानं नऊ किलो नऊशे वीस दाखवलं, मी स्क्रू फिरवून बरोबर दहावर आणलं. आत्यानं लांबून विचारलं, "सगळी चढवलीस?" मी "हं" म्हटलं. हं म्हणजे हो नाही, पण नाहीही नाही.

कार्यशाळेतला आमचा स्वतःचा काटाही ऐंशी कमी दाखवत होता. तोही लावून टाकला. एका दिवसात दोन काटे. व्यायामानं माणूस कामाला चपळ होतो.

२१ मार्च, शुक्रवार

दवाखान्यातला बाळांचा काटा वार्षिक तपासणीला आला होता. तोही ऐंशी कमी. आजकाल काट्यांना झालंय काय कळत नाही. लावला, पोचवून आलो. तीन मजले एका दमात. सिस्टरांनी भुवया उंचावल्या.

२४ मार्च, सोमवार

सत्तावन्न किलो चारशे साठ.

कार्यशाळेतल्या काट्यावरून दोनदा उतरलो, दोनदा चढलो. तेच. दोन आठवडे सुई हलत नव्हती आणि एकदम चारशे साठ ग्रॅम. ते कुठं गेले असतील म्हणून आरशात शोधलं. दंडावर थोडे दिसतात, बाकीचे बहुतेक पाठीत आहेत, जिथं मला दिसत नाही.

आत्याला सांगितलं. ती चष्मा पुसत म्हणाली, "तुझ्या तोंडाकडे बघून तर उलटं वाटतं. गालफडं बसलीत."

"चरबी जाते आणि स्नायू येतात."

"चरबी कुणाची गेली? तुझी नव्हतीच."

२६ मार्च, बुधवार

सगळीकडे बरकत आहे. बियाणेवाला आला होता. म्हणतो, पन्नास किलोचं बंद पोतं त्याच्या काट्यावर पन्नास किलो चारशे भरतं. तो खूश नव्हता, का कोण जाणे. आत्या कपाळाला आठ्या घालून बसली. "पोती फुगत नसतात," म्हणाली.

दुपारी दवाखान्यात गेलो. कामासाठी नाही, जिना चढायला. आज बाळांची वजनं करायचा वार. सिस्टर अगदी हलक्या झाल्या होत्या. दीड महिन्याचं एक बाळ आहे, पंधरा दिवस तीन किलो ऐंशीवर अडकून बसलेलं. आज तीन किलो एकशे पाच.

"पंचवीसच ग्रॅम," त्या म्हणाल्या, "पण हललं तरी. डॉक्टर आजपासून वरचं दूध चालू करणार होते. म्हटलं, आता वाढायला लागलंय तर पुढच्या बुधवारपर्यंत थांबू. त्याची आई रडली रे, आनंदानं."

मी म्हटलं, मीही चारशे साठनं वाढलो. त्या म्हणाल्या, "तुझी आई रडली का?"

परतताना मन भरून आलं. मी, बाळ, बियाणं, सगळेच वाढतोय. हवेचा गुण असेल.

२७ मार्च, गुरुवार

एक गोष्ट लिहितो, कुणाला सांगितलेली नाही. हात थरथरतात. आज सोनाराच्या काट्याचा स्क्रू बसवताना तीनदा पडला. आत्यानं तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः बसवला. मग माझं मनगट धरून टेबलावर ठेवलं आणि त्याच्यावर आपला हात ठेवून बसून राहिली.

"किती वेळ करतोस सकाळी?"

"दोन तास. कधी अडीच."

"आणि उतरवतोस कधी?"

"काय?"

"भार."

मी हसलो. ती हसली नाही. "लहानपणापासून तू असाच," म्हणाली. "एक तर काहीच नाही, नाहीतर सगळं आजच. मध्ये कधी थांबलेला बघितला नाही तुला. मध्यावर आलास की तुला वाटतं, आता कंटाळा येईल."

मला राग आला. खोटं असतं तर आला नसता.

२९ मार्च, शनिवार

आज आत्यानं कपाट साफ करायला काढलं. वजनं तपासायला वर्षातून एकदा खात्याचे तपासनीस येतात, ते पुढच्या महिन्यात येणार. तिनं दोन नंबर उलटं केलं, बूड पुसलं. बुडाच्या मधोमध राखाडी चकती. बोटभर जाड असणार, कडेवरून कळत होतं.

"हे शिसं," आत्या म्हणाली. "तुला सांगितलं होतं. हे ऐंशी ग्रॅमचं. हे आहे म्हणून हे वजन दहा किलो आहे. हे नसेल तर तो नुसता लोखंडाचा गोळा."

मी म्हटलं, मी चार नंबर पुसतो. ते पटकन उचललं आणि सुलटं ठेवलं. खळगा खाली.

वर येऊन टेबलाखाली बघितलं. चकती तिथंच आहे. टेबल अजिबात हलत नाही. म्हणजे काटे ऐंशी कमी दाखवत नव्हते, चार नंबरच ऐंशी कमी होतं.

चारशे साठ ग्रॅम. पोती. पंचवीस ग्रॅम.

पंचवीस ग्रॅम.

३० मार्च, रविवार

सकाळपासून काय झालं ते क्रमानं लिहितो.

पहाटे उठलो. सवयीनं व्यायाम केला, कारण दुसरं काय करावं सुचेना, आणि सुचत नव्हतं म्हणून नेहमीपेक्षा जास्तच केला. मग चकती खिशात घातली, खाटेखालची पिशवी काढली आणि बसथांब्यावर गेलो. का गेलो ते लिहायची गरज नाही. भट्टीचं दार, शिडी, खांब.

बस आली. कंडक्टर म्हणाला, पिशवी टपावर टाका, आत जागा नाही. मी पिशवी उचलली. छातीपर्यंत आली. त्याच्या वर हात जाईनात. पुन्हा उचलली. पिशवीत दोन शर्ट, एक स्वेटर आणि बुटांचा जोड आहे. चोवीस दिवस मी दहा किलो डोक्यावर धरतोय आणि आज दोन शर्ट टपावर जाईनात. कंडक्टरनं घड्याळ बघितलं, मला बघितलं, आणि दार लावलं.

म्हणजे मी चांगला म्हणून थांबलो असं नाही. पहिली बस हातांनी सोडली.

दुसरी अर्ध्या तासानं आली. तिच्यात जागा होती, पिशवी मांडीवर घेता आली असती. मी बाकावर बसून होतो. भट्टीच्या दाराला कुणी दूध पाजत नव्हतं. शिडीची आई नव्हती. बुधवारपर्यंत थांबू म्हणाल्या होत्या सिस्टर, आणि आज रविवार. दुसरी बस मी सोडली. ती मात्र मी सोडली.

आत्या दारातच होती. पिशवी बघितली. मी चकती काढून तिच्या हातावर ठेवली.

तिनं ती तोलली. "ऐंशी," म्हणाली. मग, "कुठल्या नंबरची?"

"चार."

सगळं सांगितलं. तक्ता, घोंगडी, पॉलिश, हं. ती खुर्चीवर बसली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अंगणात आठ भंगार वजनं पडलीत," शेवटी म्हणाली. "त्यातलं एक घ्यायचं."

"ती अचूक नव्हती."

आत्यानं डोळे मिटले. खांदे हलायला लागले. रडतेय की काय म्हणून मी घाबरलो. ती हसत होती, पण ते हसू पाच सेकंदात संपलं.

"चकती कधी पडली?"

"आठवत नाही. बुधवार असेल. की मंगळवार."

"कुठले कुठले काटे लावलेस त्यानंतर? प्रत्येकाचं नाव हवं मला."

तेही धड आठवेना. आणि मग आठवलं की आठवायची गरज नाही. वर गेलो, ही वही आणली. एकोणीस तारीख, बुधवार. तिथून पुढं वाचून दाखवलं. टेबल, आरसा, सगळं वाचावं लागलं, कारण मध्ये मध्ये काटे होते. काही मी लिहिलेच नव्हते, पण आत्याच्या पावत्यांशी लावल्यावर तेही निघाले. अकरा काटे.

आत्या कागदावर उतरवत होती. वाचून संपल्यावर म्हणाली, "आता भरतेय वही." मग कागदाच्या सगळ्यात वर एक नाव लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. "उद्या आधी बाळांचा."

३१ मार्च, सोमवार

सकाळी व्यायाम नाही. आत्याची आज्ञा. उरलेली पाचही वजनं आत्यानं काल मोठ्या तराजूत एकमेकांशी ताडून बघितली. ती शाबूत आहेत. त्यातली दोन आणि आत्या, असे दवाखान्यात गेलो. मी दोन्ही एकदम उचलायला गेलो तर म्हणाली, "एकेक. आणि प्रत्येक मजल्यावर बसायचं."

"मी तीन मजले एका दमात—"

"बस. शून्यावर ये. मग पुढचा."

ती गुडघा धरून एकेक पायरी चढत होती, मी तिच्या वेगानं. पहिल्यांदाच लक्षात आलं की जिन्याला खिडक्या आहेत.

सिस्टरांना मीच सांगायचं होतं. सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोमणा मारला नाही. काटा लावून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तीन किलो ऐंशीच होतं." आणि फोन उचलला.

तासाभरात त्या बाळाची आई आली. मी खालच्या जिन्यावर बसलो होतो. पिवळ्या शालीत गुंडाळलेलं काहीतरी आणि भरभर चढणारे पाय, एवढंच दिसलं. वरून सिस्टरांचा आवाज आला, मग तिचा. तिचा मोठा होता. "कुणी? कोण आहे तो?" असं काहीतरी. आत्या खाली आली तेव्हा तिचा चेहरा मी बघितला नाही.

"तीन किलो ऐंशी," ती म्हणाली. "डॉक्टरांनी आजच दूध चालू केलंय. पाच दिवस गेले. पाचच गेले."

उरलेले दहा काटे आज आणि उद्यात. बियाणेवाला म्हणाला, "बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्यानं हे माझ्याकडे न बघता म्हटलं. मी तिथं उभा होतो, पण अपेक्षा माझ्याकडून कुणाला नव्हतीच.

४ एप्रिल, शुक्रवार

आत्यानं खात्याला स्वतःच कळवलं. मी म्हटलं, सगळे काटे तर दुरुस्त झाले, शिसं परत बसवलं की कुणाला कळणार? ती म्हणाली, "तू अजून बसथांब्यावरच आहेस रे." आणि पत्र टाकलं.

आज तपासनीस आले. वयस्कर, बारीक, चहा न घेणारे. चार नंबर घेऊन गेले. बाकीच्या लोखंडी वजनांचं कपाट मोहरबंद केलं, तीही प्रयोगशाळेत तपासायची म्हणून. शिक्का महिनाभर थांबवला. बिघाडाचं कारण म्हणून अर्जात काय लिहायचं, त्यांनी विचारलं.

"व्यायाम," आत्या म्हणाली.

त्यांनी पेन थांबवलं. मला वरून खालपर्यंत बघितलं. "कुणी केला?"

पितळी वजनांची लहान पेटी आणि जुना दोन पारड्यांचा तराजू मात्र त्यांनी तपासून इथंच सोडला. त्या वजनांना मी कधी हात लावला नव्हता. व्यायामाला फार हलकी होती.

९ एप्रिल, बुधवार

कुणी येत नाही. शिक्का नाही तर दुकानात कोण येणार? आत्या गुडघ्याला शेक देत बसते. मी पुसलेलं पुन्हा पुसतो. हातांची थरथर गेली आहे.

आज पितळी पेटी पुसायला घेतली. तळाला एक जुना कागद अंथरलेला. मिशीवाल्याची चप्पल दिसली म्हणून ओढून काढला. माझ्याच तक्त्याचा उरलेला तुकडा. तो गुंडाळलेला काटा आला त्या दिवशी आत्यानंच फाडून घातला असणार.

सातव्या रकान्यात एकच शब्द आहे, विश्रांती. आणि खालची ओळ अशी: नवशिक्यांनी पाच किलोपासून सुरुवात करावी, व थकवा दुसऱ्या दिवशी उरल्यास निम्मे करावे.

आत्याला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं. "बघ," म्हणाली, "इतके दिवस मी याच्यावर वजनं ठेवत होते."

आता असं ठरलंय. दिवसाआड, पंधरा मिनिटं. दहा जोर, दहा बैठका, अंगणातलं एक गंजकं वजन. ते किती भरतं मला माहीत नाही आणि मी ते बघणार नाही. पहिल्या दिवशी दहा झाल्यावर थांबणं शंभरपेक्षा अवघड गेलं. थांबून खाटेवर बसलो. अजून उचलता येईल असं वाटत असताना बसून राहायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल तेव्हा छपरावर मांजर असेल.

१५ एप्रिल, मंगळवार

तीन महिन्यांतले दोन झाले. पिशवी काल रिकामी केली. टेबल पुन्हा डुगडुगतं, त्याच्यावरच लिहितोय, अक्षर म्हणून असं.

सकाळी आत्याला विचारलं, शिक्का परत मिळाला तरी लोक येतील का. ती म्हणाली, "सगळे नाही येणार." मग, "काका गेले तेव्हाही सगळे आले नव्हते. बाईच्या हातचा काटा म्हणून. मग आले." आणखी काही बोलणार होती, पण खाली दार वाजलं. अकरा दिवसांत पहिल्यांदा. ती खाली गेली. मला वाटलं, टपालवाला.

आता हाक आली, "खाली ये. तुझ्याकडे आलंय कुणीतरी."

बाबा, असं वाटलं. जिन्यावरून वाकून बघितलं.

बाबा नाहीत. एक बाई उभी आहे, माझ्याच वयाची असेल, आणि तिच्या कडेवर पिवळी शाल. मी अर्ध्या जिन्यात थांबलो. तिनं मला बघितलं. बहुतेक मोठा कुणीतरी असेल असं वाटलं असावं तिला, कारण जरा गोंधळली.

"तूच का तो?"

"हो."

"सिस्टर म्हणतात, आता वाढतंय. मागच्या वेळीही हेच म्हणाल्या होत्या." शाल जरा वर ओढली. "मला आकडा नकोय. एका पारड्यात हा, एका पारड्यात वजनं, असं डोळ्यांनी बघायचंय. आणि तूच ठेवायचीस. एकेक. माझ्यासमोर."

आत्यानं तराजू पुढं ओढलाय, पारड्यात मऊ कापड घालतेय. मी पितळी वजनांचे हातमोजे घ्यायला वर आलो, म्हणून घाईत या ओळी. हात समोर धरून बघितला. स्थिर आहे. आज विश्रांतीचा दिवस होता.

खालून बाळाचा आवाज येतोय. चांगला मोठा आहे.